चौतीस मीटरची लेन

घोलप साहेबांना त्या साइटवर पाठवायची ऑर्डर माझी होती. विमानाचं तिकीट, परवाना, विमा, सगळ्या कागदांवर माझी सही आहे. म्हणून ही हकिगत मीच लिहिते आहे.

मी भारतीय सैन्यात इंजिनिअर्समध्ये चौदा वर्षं होते. मेजर म्हणून बाहेर पडले. त्यानंतर काही वर्षं पुण्यात आणि आता नऊ वर्षं दुबईत. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इमारतीत एकतिसाव्या मजल्यावर आमची ऑपरेशन्स रूम आहे. दोन स्क्रीन, एक सॅटेलाइट फोन, भिंतीवर नकाशे. जिथे जुनी लढाई झाली आहे आणि आता कुणाला काही बांधायचं आहे, तिथली जमीन आमची कंपनी सुरुंगांपासून मोकळी करून देते.

तेव्हाचं काम एका वाळवंटात होतं. त्या वाळवंटावर दोन पक्ष हक्क सांगतात. एकाचा ताबा आहे, दुसऱ्याचा दावा आहे. मधून वाळूचा लांबलचक बांध गेला आहे आणि बांधालगत सुरुंग पेरलेले आहेत. लढाई थांबली, सुरुंग राहिले. आता तिथे पवनचक्क्या आणि सोलर पॅनेल उभारायचे होते. वारा समुद्राकडून वर्षभर येतो आणि उन्हाला तोटा नाही. कागदावर जागा उत्तम होती. तिथे तंबूत राहणाऱ्या एका म्हाताऱ्यानं घोलप साहेबांना विचारलं होतं, "आमचा वारा कुणाला विकणार?" साहेबांनी तो प्रश्न आठवड्याच्या रिपोर्टमध्ये जसाच्या तसा लिहून पाठवला. मी तो पुढे क्लायंटकडे पाठवला नाही.

नायब सुभेदार दत्तात्रय घोलप यांना मी ते नाईक होते तेव्हापासून ओळखत होते. फौजेत जेसीओला, म्हणजे सुभेदार दर्जाच्या माणसाला, अधिकारीसुद्धा साहेब म्हणतात. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना घोलप साहेब. आम्ही दोघं राजस्थानच्या सीमेवर एकाच कंपनीत होतो. तिथे शेतांत आपणच पेरलेले सुरुंग आपणच काढले. शेत गावकऱ्यांच्या ताब्यात द्यायच्या आधी आमची एक पद्धत होती. ज्या प्लाटूननं शेत साफ केलं, तिनं खांद्याला खांदा लावून ते आडवं चालून दाखवायचं. अधिकारी मधोमध. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी कॅप्टन होते आणि पाऊल जपून टाकत होते. शेजारून घोलप हळूच म्हणाले, "मॅडम, नीट आपटून चाला. गाववाले बघतायत. तुम्ही चोरासारखं चाललात तर इथे कोण नांगर घालेल?" मी आपटून चालले.

निवृत्तीनंतर ते साताऱ्याजवळ गावी होते. मी फोन केला आणि ते आले. शारजात वन बेडरूमचा फ्लॅट घेतला. पत्नी सुनंदावहिनी आणि बारावीतली मुलगी तन्वी त्यांच्याबरोबर. सहा आठवडे साइट, दोन आठवडे घर, अशी ड्यूटी.

साइटचं रूटीन साधं होतं. पार्किंगपासून वारा मोजायच्या टॉवरपर्यंत एक मीटर रुंदीची लेन साफ केलेली होती. टॉवर ऐंशी मीटर उंच. लेन चाळीस मीटर सरळ जायची, मग एका शंकास्पद पट्ट्याला वळसा घालून उजवीकडे वळायची. राजस्थानातली पद्धत साहेबांनी इथेही चालू ठेवली होती. रोज सकाळी साडेसातला, इतर कुणी पाऊल टाकायच्या आधी, ते लेन स्वतः चालायचे. मग रेडिओवर सांगायचे, "लेन चालली. क्लिअर." त्यानंतर काम सुरू.

लेनच्या खुणा दगडांच्या होत्या. खरं म्हणजे लोखंडी पिकेट, म्हणजे खुंट, ठोकायला हवे होते. पण दोन्ही पक्षांनी लेखी हरकत घेतली होती. एका ओळीत ठोकलेले पिकेट सीमेच्या खांबांसारखे दिसतात, उद्या त्यांचा फोटो नकाशाच्या भांडणात वापरला जाईल, असं त्यांचं म्हणणं. तीन महिने पत्रव्यवहार झाला. शेवटी मी दगडांना मान्यता दिली. एक बाजू लाल, एक पांढरी. लाल बाजू धोक्याकडे, पांढरी लेनकडे.

त्या मंगळवारी आठवड्याचा कॉल तिथल्या साडेआठऐवजी साडेसातला घेतला. दुबईत तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. वेळ बदलायला नबीलनं सांगितलं होतं. नबील आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, बैरूतचा, बारा वर्षं दुबईत.

"मेजर, क्लायंटला एक वाजता फ्लाइट आहे. एक तास आधी घेऊ. यल्ला, मोठी गोष्ट नाही."

"साडेसातला घोलप साहेब लेन चालतात."

"कॉलनंतर चालतील. आणि प्लीज, मागे ती रेडिओची खरखर नको. गेल्या वेळी क्लायंटला काही ऐकू आलं नाही."

मी साहेबांना कळवलं. कॉल साडेसातला, लेन नंतर चाला, तोपर्यंत रेडिओचा आवाज बंद ठेवा. ते म्हणाले, "बरं मॅडम."

आता आदल्या संध्याकाळचं सांगते. हे आम्हाला नंतर चौकशीत कळलं. पार्किंगच्या कडेला ट्रायल सोलर पॅनेल मांडलेले होते, त्यांच्यावर किती धूळ बसते ते बघायला. संध्याकाळी वारा वाढला आणि फ्रेम हलू लागल्या. पॅनेलवर काम करणाऱ्या सहा मजुरांनी हाताला येतील ते दगड उचलून फ्रेमवर ठेवले. त्यातले बरेच लेनच्या वळणावरचे होते. पॅनेल वाचले. सकाळी सहाला, वारा जरा कमी झाल्यावर, त्यांनी दगड परत नेऊन ठेवले. नीट ठेवले. लाल बाजू बाहेर, पांढरी आत, दोन्ही ओळी एकदम सरळ. चांगली कामाची माणसं होती. त्यांनी ओळ सरळ केली आणि आमचं वळण नाहीसं झालं.

जहांगीर खान रिगर होता, म्हणजे टॉवरवर चढून वारा मोजायची यंत्रं बदलणारा. पाकिस्तानात स्वाबीचा, वय चव्वेचाळीस, दुबईतल्या रास अल खोरच्या एका वर्कशॉपमधून आमच्याकडे तीन दिवसांसाठी आलेला. त्या टॉवरवर त्याची पहिलीच वेळ. सकाळी त्यानं पार्किंगमधून पाहिलं. समोर पांढऱ्या दगडांचा रस्ता, रस्त्याच्या रेषेत टॉवर. ऊन चढायच्या आत वर जाऊन यावं म्हणून तो सात चाळीसला निघाला. एरवी साहेब त्याच्या पुढे असते.

दगड संपल्यावरही तो सरळ चालत राहिला. मग पुढे दोन पावलांवर वाळूतून वर आलेली एक गंजकी कड दिसली आणि तो थांबला. त्यानं हातातल्या सेटवर बोलावलं. "सुबेदार साब, सुबेदार साब." नऊ वेळा बोलावलं, असं त्यानं जबाबात सांगितलं. लेन क्लिअर होईपर्यंत सेटवर फक्त साहेब असत, आणि त्यांचा सेट टेबलावर होता, आवाज बंद. त्या वेळी मी त्यांना डिझेलच्या वापराबद्दल विचारत होते.

आठ वाजून चार मिनिटांनी कॉल संपला. साहेबांनी सेटचा आवाज चालू केला आणि खान ऐकू आला. ते पळत पार्किंगला गेले. सरळ ओळ बघितल्याबरोबर त्यांना काय झालं ते कळलं. तोवर वाऱ्यानं खानची पावलं पुसली होती. सात पंचेचाळीसला ती शाबूत होती. साहेबांनी तेव्हा हाक ऐकली असती तर खानला त्याच्याच पावलांवरून तीन मिनिटांत मागे आणलं असतं.

आठ वाजून नऊ मिनिटांनी सॅटेलाइट फोन वाजला.

"मॅडम, एक माणूस आत आहे. जुन्या लेनच्या वळणापासून सरळ चौतीस मीटर. जमीन साफ नाही. पावलं दिसत नाहीत."

"जखमी?"

"नाही. उभा आहे. पाणी एक लिटर."

"टेम्परेचर?"

"आत्ता एकतीस. दुपारी चव्वेचाळीसला जाईल."

"काय करू शकता?"

"थापा आणि मी आळीपाळीनं लेन काढतो. अर्धा अर्धा तास. पाच तास धरा."

लोकबहादूर थापा आमचा दुसरा सुरुंग काढणारा, नेपाळचा, तोही माजी सैनिक. साइटवर हे दोघंच होते. मी "काढा" म्हटलं आणि हेलिकॉप्टरच्या मागे लागले. तिथे हेलिकॉप्टर उडवायचं तर दोन्ही पक्षांची परवानगी लागते. ड्रोनला तर सरसकट बंदी होती, त्यामुळे पाण्याची बाटलीही वरून सोडता येत नव्हती. एका पक्षानं पन्नास मिनिटांत हो म्हटलं. दुसऱ्या पक्षाच्या अधिकाऱ्याला मी सात फोन केले.

"मॅडम, फाइल वर पाठवली आहे. उद्या सकाळपर्यंत, इन्शाल्ला."

"माणूस आत्ता उन्हात उभा आहे."

"पहिल्या पक्षानं आधी हो म्हटलं, हीच अडचण आहे. आता आम्ही हो म्हटलं तर त्यांच्या परवानगीला आमचा आधार मिळतो. कळतंय ना तुम्हाला?"

मला कळत होतं. नबील माझ्या मागे उभा होता. त्यानं जाकीट काढून ठेवलं होतं आणि तो अरबीत दुसऱ्या लाइनवर कुणाकुणाला विनवत होता. त्या दिवशी त्यानं काही कमी केलं नाही.

साहेब दर अर्ध्या तासाला आकडा कळवत होते. साडेनऊ, सात मीटर. साडेदहा, तेरा मीटर. साडेदहाला पहिला सुरुंग मिळाला. त्यांनी त्याच्यावर खूण केली आणि लेन डावीकडून घेतली. अकराला फोनवर मागचं बोलणं ऐकू आलं. खान ओरडून विचारत होता, "सुबेदार साब, और कितना?"

साहेब ओरडले, "खानसाब, जिंदगीभर तुम लोगों के लिए सुरंग गाड़ा. आज पहली बार तुम्हारे लिए निकाल रहा हूँ. टाइम तो लगेगा!"

खान हसला. ते मला दुबईत ऐकू आलं. मग साहेब मला मराठीत म्हणाले, "टिकेल मॅडम. हसतोय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे."

एक वाजता अठ्ठावीस मीटर झाले होते. खान आता खाली उकिडवा बसला होता, पाणी संपलं होतं. साहेबांची पाळी होती. सहा मीटर उरले होते. मी विचारलं, "थापाला देता का?" ते म्हणाले, "पाळी माझी आहे."

एक वाजून बारा मिनिटांनी स्फोट झाला. दुबईत चार बारा.

वाळू सरकते तसे जुने सुरुंगही सरकतात. तो सुरुंग आडवा झाला होता. वरून दाबायची चकती एका बाजूला, माणसाच्या दिशेनं वळलेली. टोचून बघायची सळई, म्हणजे प्रॉडर, तिरकी घालतात ती सुरुंगाच्या कडेला लागावी म्हणून. ती चकतीला लागली. यात साहेबांची चूक नव्हती. डिटेक्टर तिथे आधीपासून वाजत होता आणि ते नियमाप्रमाणे काम करत होते.

फोनवर थापा होता. "मॅडम, सुबेदार साब गए."

"पक्का?"

"पक्का."

"खान?"

"ठीक है. खड़ा हो गया है. साब की तरफ आना चाहता है."

"उसे सेट पर लो." थापानं फोन सेटपाशी धरला. मी खानशी बोलले. "खान, मैं मेजर बोल रही हूँ. एक कदम भी नहीं. वहीं बैठो."

"मेमसाब, वो यहीं हैं. छह मीटर. मैं देख रहा हूँ."

"मालूम है. बैठो."

तो बसला. मग मी थापाला विचारलं, पुढचं काम जमेल का? जमणार नसेल तर हेलिकॉप्टरची वाट बघू, हेही सांगितलं. हेलिकॉप्टर येणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. थापानं पाणी प्यायला वेळ मागितला. दहा मिनिटं. मग तो साहेबांच्या शेजारून गेला आणि उरलेले सहा मीटर त्यानं काढले. दोन वाजून पन्नास मिनिटांनी खान बाहेर आला. त्यानंतर थापा परत आत गेला आणि साहेबांना घेऊन आला.

दुबईत सहा वाजायला आले होते. मी गाडी काढली. अशी बातमी फोनवर द्यायची नाही, हे मी सैन्यात शिकले. तिथे युनिफॉर्म घालून जातात. माझ्याकडे तो नव्हता. शारजाच्या रस्त्यावर दीड तास गेला.

सुनंदावहिनी बिल्डिंगमधल्या एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना पोळ्या करून देत. तव्यावर पोळी होती. मला बघून त्या म्हणाल्या, "या मॅडम, बसा. एवढ्या पोळ्या उरकते."

"वहिनी, गॅस बंद करा."

त्यांनी आधी पोळी उतरवली, मग गॅस बंद केला. आतून तन्वीनं विचारलं, "आई, हू इज इट?"

"कधी?" वहिनींनी विचारलं.

"दुपारी. आपल्या चार बाराला."

"मी साडेचारला मेसेज टाकला होता. एकच टिक आली." त्यांनी हात पदराला पुसले. "म्हटलं, रेंज नसेल."

पार्थिव भारतात पोचायला अकरा दिवस लागले. मृत्यूच्या दाखल्यात ठिकाणाचा रकाना असतो. एका पक्षाच्या दाखल्यावर त्यांच्या प्रांताचं नाव होतं. दुसऱ्या पक्षानं त्यावर निषेधाचं पत्र दिलं. दोन्ही पक्षांमधल्या मध्यस्थांच्या कचेरीनं दोन्ही नावं टाळून अक्षांश-रेखांश लिहायचं सुचवलं, तर विमान कंपनी म्हणाली, रकान्यात आकडे चालत नाहीत. अकरा दिवस साहेब एका तिसऱ्याच देशाच्या शवागारात होते. शेवटी दाखल्यावर फक्त "वाळवंट" असं लिहिलं गेलं आणि तो सगळीकडे चालला. गावी सरकारी मानवंदना नव्हती, कारण ते निवृत्त होते आणि कंपनीच्या नोकरीत गेले. आसपासच्या गावांतून अठरा माजी सैनिक आपापल्या मेडल्ससह आले. ते रांगेत उभे राहिले. मीही राहिले.

चौकशीचा रिपोर्ट मी लिहिला. नबीलनं "संपर्कातील त्रुटी" असा शब्द सुचवला. मी लिहिलं, कॉलची वेळ बदलली आणि रेडिओ बंद ठेवायला सांगितलं, दोन्ही सूचना माझ्या. नबीलनं ते वाचून म्हटलं, "वेळ बदलायला मी सांगितलं होतं. तेही लिहा." ते लिहिलं. लोखंडी पिकेटला दोन्ही पक्षांनी त्यानंतर नऊ दिवसांत संमती दिली. एकही बैठक लागली नाही.

महिनाअखेरीस वाऱ्याचा डेटा आला. सगळ्यात चांगला वारा त्या मंगळवारचा होता. डेटा बघणाऱ्या मुलीला काही ठाऊक नव्हतं, तिनं तो दिवस हिरव्या रंगात दाखवला होता. तो दिवस सरासरीतून काढायला काही तांत्रिक कारण नव्हतं. सरासरीत तो आहे.

वहिनींना मी माझ्या सूचनेबद्दल तेराव्यानंतर गावीच सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून त्यांनी आवाज बंद केला, मॅडम. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

तन्वीच्या परीक्षेसाठी दोघी शारजाला परत आल्या. व्हिसा साहेबांच्या नावावर होता, त्यामुळे परीक्षा झाली की घर आवरून जायचं होतं. शेवटच्या आठवड्यात खानचा मला फोन आला. त्याला वहिनींना भेटायचं होतं. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे."

शुक्रवारी दुपारी मी त्याला घेऊन गेले. खोलीत खोके बांधलेले होते. खान दाराशी चपला काढून आत आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. आणलेली खजुराची पेटी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. तन्वीनं ती घेतली. त्यानं सांगितलं की टॉवरचं काम सोडलं, आता वर्कशॉपमध्ये खालीच असतो.

वहिनींनी हिंदीत विचारलं, "भाईसाब, वो कुछ बोले क्या? आखिर में?"

हे मला माहीत नव्हतं. साहेब आणि खान इतके जवळ आल्यावर सेटशिवाय बोलत होते. ते दुबईपर्यंत येत नव्हतं. जबाबातही कुणी विचारलं नव्हतं.

खान म्हणाला, "बहनजी, वो मुझे बातों में लगाए रखते थे. कि मैं हिलूँ नहीं. पूछा, बच्चे कितने हैं. मैंने कहा, पाँच. बोले, पाँच? और तुम खंभे पर चढ़ते हो?"

वहिनी किंचित हसल्या. "ऐसाच बोलते."

"फिर बोले, नाम बताओ एक-एक. मैं बताता था. वो काम करते-करते वही नाम दोहराते थे, कि मुझे पता रहे वो सुन रहे हैं. बिलाल. बोले, बिलाल. सना. बोले, सना. हमज़ा. बोले, हमज़ा." खाननं खाली बघितलं. "चौथा बताया, इदरीस. फिर..."

तन्वी उठून आईजवळ बसली. खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

मग वहिनींनी विचारलं, "पाँचवाँ?"

"जी?"

"पाँचवें का नाम."

"ज़ैनब," खान म्हणाला. "सबसे छोटी है."

"झैनब," वहिनी म्हणाल्या.